रुसूबाईचं वजन

९ फेब्रुवारी

निघताना डॉक्टर म्हणाले, एक वही करा. डाव्या पानावर आजोबांची नोंद ठेवा. औषधं, रक्तदाब, किती पावलं चालले. उजवं पान कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या गावच्या शाळेत कोरं पान सोडलं की गुरुजी कान पिळायचे, म्हणून उजवं पान माझं.

बाबा काल घरी आले. झटक्यानंतर पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. लुळी पडलेली उजवी बाजू बरीचशी परत आली आहे. पायात ताकद आहे असं डॉक्टर शपथेवर सांगतात. दोघांनी धरलं तर बाबा पलंगावरून खुर्चीत येतात. पण पाऊल टाकत नाहीत. बोलणं जड झालंय, म्हणून बोलतही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

ताईचा फोन आला. म्हणाली, "बाळ्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तू कामावर, तुझी बायको एक वाजेपर्यंत शाळेच्या ऑफिसात. माझं घर तळमजल्यावर आहे. सांभाळायला बाई मिळते. तीस मार्चला मी येते. तोवर चालायला लागले तर राहू देत तुझ्याकडे, नाहीतर नेते." तिचं चुकत नाही. पण तिचं गाव इथून सहा तासांवर, आणि बाबा एकदा तिथे खुर्चीत बसले की उठायचे नाहीत, हे तिलाही कळतं आणि मलाही.

घरात आणखी एक आजारी माणूस सापडलं. बाबांच्या खोलीतल्या खिडकीत आईची रुसूबाई. लांब, गडद पानांचं झाड, वर्षातून दोनदा एकाच पाकळीचं पांढरं फूल येतं. पाणी चुकलं की मान टाकतं आणि पाणी मिळालं की दोन तासांत उभं राहतं, म्हणून आईने हे नाव ठेवलं. आईला जाऊन दोन वर्षं झाली. पाच आठवडे आम्ही झाडाकडे बघितलंच नाही. तेवीस पानं वाळून कुंडीच्या काठावर लोळत होती. चार तेवढी हिरवी होती, तीही नावापुरती.

ही म्हणाली, "टाकून देऊ या का?"

बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "नको." घरी आल्यापासूनचा पहिला शब्द.

११ फेब्रुवारी

डावं पान: औषधं दिली. चालले नाहीत.

रुसूबाईला दोन दिवस पाणी घालतोय, आणि घातलेलं सगळं खालच्या ताटलीत. माती बोटाने उकरली तर आत भुकटी. फार कोरड्या मातीला पाणी घेताच येत नाही, ते कडेकडेने निसटून जातं. मी थक्क झालो. ज्याला सगळ्यांत जास्त तहान, त्यालाच घोट घेता येऊ नये?

शेवटी अख्खी कुंडी बादलीत बुडवून ठेवली. बराच वेळ काही नाही. मग एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग जमिनीखाली कुणीतरी खूप दिवसांनी श्वास सोडावा तसे शेकड्यांनी. मी बादलीशी उकिडवा बसून बघत राहिलो. ही म्हणाली, "अहो, भाजी करपेल, जरा बघाल का?" भाजी करपली.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले. पाणी कधी घालायचं हे मला बोटाने कळत नाही, वजनाने कळेल. कारखान्यातला जुना पाच किलोचा काटा घरी आणला. कोरडी कुंडी १ किलो ५४० होती. भिजवून, निथळून २ किलो २१०. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करायचं, १ किलो ९०० च्या खाली उतरलं की पाणी द्यायचं.

१५ फेब्रुवारी

डावं पान: औषधं दिली. व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या. चालले नाहीत.

बाई चांगल्या आहेत, तरुण आहेत, आणि फार टाळ्या वाजवतात. "चला आजोबा, एक पाऊल माझ्यासाठी. शाब्बास!" बाबांनी डोळे मिटून घेतले. बाई मला बाहेर म्हणाल्या, "पाय उचलू शकतात. उचलायचाच नाही म्हटल्यावर मी काय करू?"

बाबा चौतीस वर्षं पोस्टमन होते. सकाळी पिशवी खांद्याला लावून निघायचे, आठ वाड्यावस्त्या पायी. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सकाळी फिरायला जा म्हटलं तर म्हणाले, "कुणाच्या हातात काही द्यायचं नसेल तर पाय उचलायचा कशाला?" मग आई कामं काढायची. शेजारणीला वाटीभर साखर देऊन या. वाण्याला ही चिठ्ठी द्या. चिठ्ठीत काय असायचं देव जाणे. एकदा मी उघडून बघितली, तर "ह्यांना थोडं बसवून घ्या" असं होतं.

गुरुजी म्हणायचे, मूळ अंधारात काम करतं म्हणून त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. हे आज का आठवलं कुणास ठाऊक.

२० फेब्रुवारी

डावं पान: औषधं दिली. पाणी चांगलं पितात, उशाचा पेला दुपारपर्यंत रिकामा. चालले नाहीत.

रुसूबाईच्या बुडातून हिरवी सुई निघाली आहे. गुंडाळलेलं पान. सकाळी आणि संध्याकाळी बघितलं तर बोटाच्या पेराएवढा फरक. मी दिवसभर लोकांना ग्रॅम मोजून देतो, पण वाढताना कुठल्याच क्षणी ती मला दिसली नाही. मी बघत नसतानाच सगळं झालं. हात जोडावेसे वाटले, जोडले.

२७ फेब्रुवारी

डावं पान: औषधं दिली. चालले नाहीत.

विचित्र गोष्ट. आज सकाळी वजन १ किलो ८९०. संध्याकाळी आल्यावर पाणी घालू म्हटलं. संध्याकाळी काट्यावर ठेवलं, १ किलो ९५५. न घालता पासष्ट ग्रॅम जास्त.

हिला विचारलं, "तू पाणी घातलंस?"

"तुमच्या काट्याची परवानगी घेतल्याशिवाय? छे."

१ मार्च

डावं पान: औषधं दिली. चालले नाहीत.

काट्यावर संशय घेतला. तीस वर्षांत काटा खोटं बोलला तर कारण नेहमी सापडलंय. एका दुकानात पारड्याखाली चुंबक होता. एका दवाखान्यात आत झुरळ मरून पडलं होतं आणि गावातली सगळी बाळं महिनाभर तीस ग्रॅमने धष्टपुष्ट होती. म्हणून प्रमाण वजनांची लाकडी पेटी घरी आणली. ती वजनं हाताने धरत नाहीत, घामाचा डागसुद्धा त्यांना जड होतो. चिमट्याने एकेक ठेवली. काटा चोख. शून्य चोख. टेबल समतल.

मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्यांच्याकडे आमची किल्ली असते, साडेअकराला बाबांकडे डोकावून जातात. म्हणाल्या, "मी आणि झाडाला पाणी? माझं निवडुंग मेलंय रे. निवडुंग." आणि का कोण जाणे, पदर तोंडाला लावून हसल्या.

६ मार्च

डावं पान: औषधं दिली. बाई म्हणाल्या उजव्या पायाची पोटरी भरली आहे, आश्चर्य आहे. चालले नाहीत.

रुसूबाईचं एक जुनं पान पिवळं पडलं. वजन २ किलो २३०. मी घालतो त्यापेक्षा जास्त पाणी आत आहे. रोपवाटिकेच्या माणसाला पान नेऊन दाखवलं. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "प्रेम कमी करा. उपाशी झाड वाचतं, लाडावलेलं सडतं. पंधरा दिवस हात लावू नका, आणि उजेडात ठेवा."

म्हणून तिला बाबांच्या खोलीतून हलवून बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीत ठेवली. नेताना बाबांनी मान वळवून कुंडी दाराबाहेर जाईपर्यंत बघितलं. मला वाईट वाटलं. आईची तेवढीच खूण त्यांच्या नजरेसमोर होती. मी म्हटलं, "बाबा, तिच्या भल्यासाठीच नेतोय." बोलून झाल्यावर जीभ चावली. ताईही हेच म्हणणार आहे.

१३ मार्च

डावं पान: औषधं दिली. चालले नाहीत.

आज तीनदा मोजलं, मगच लिहायला बसलो.

पाणी बंद केल्यापासून वजन रोज पंचवीस-तीस ग्रॅमने उतरत होतं. कालपर्यंत २ किलो ६० वर आलं. कुठलीही कुंडी अशीच वागेल. आज सकाळी २ किलो ३५. संध्याकाळी २ किलो १०५. मी पाणी घातलेलं नाही. हिने नाही. ताटली कोरडी. खिडकी बंद, पाऊस नाही.

कुंडीजवळ खुर्ची घेऊन बसलो. नवीन पान पूर्ण उलगडलंय, इतकं कोवळं की पलीकडचा उजेड आतून दिसतो. काही झाडं हवेतला ओलावा पितात असं ऐकलंय, पण सत्तर ग्रॅम? मी यंत्रांचा माणूस आहे. ज्याचं वजन होतं ते खरं, एवढंच शिकलो. पण परमेश्वराला एखाद्या कुंडीत सत्तर ग्रॅम ठेवावेसे वाटले तर तो माझी परवानगी कशाला घेईल?

कुणाला सांगणार नाही. कृपा झाली तर तिची दवंडी पिटू नये.

ता. क. मला एक खटकलं. बाबांच्या उशाचा पेला आज स्वयंपाकघरात धुऊन पालथा घातलेला होता. हिला एवढ्या घाईत सुचतं कसं? बिचारी काही बोलत नाही.

२० मार्च

डावं पान: औषधं दिली. चालले नाहीत.

सात दिवस वजन २ किलो ४० ते २ किलो ११० यांच्यामध्येच. त्याच्या वर नाही, खाली नाही. रुसूबाईला नेमकं किती हवं हे कुणाला तरी बरोबर कळतंय. मी रोज संध्याकाळी काट्यापुढे उभा राहतो तेव्हा आपसूक चपला काढतो.

ताईने गाडी ठरवली. तीस तारीख, दुपारी चार. आज माळ्यावरून बाबांची बॅग काढली. झटकली, पुसली, आणि दाराआड ठेवली, त्यांना दिसू नये म्हणून. रुसूबाईसाठी प्रार्थना न करता ती उभी राहिली. बाबांसाठी रोज करतो, तर डाव्या पानावर तेच दोन शब्द. मागण्यात माझं काही चुकतंय का?

२४ मार्च

हे सावकाश लिहायला हवं.

आज जवळच्याच दवाखान्यात बाळांचा काटा तपासायचा होता. तिथे गेल्यावर कळलं, वजनांची पेटी आणली, चिमटा घरीच राहिला. परत आलो. अकरा वाजले असतील.

जिन्यात आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. मांडीवर शेंगांचं ताट, पण हात थांबलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दार बोटभर उघडं होतं.

"आत जाऊ नकोस," त्या कुजबुजल्या. "चाललेत."

मी फटीतून बघितलं.

बाबा बाहेरच्या खोलीत होते. उभे. डावा तळहात भिंतीवर सपाट, उजव्या हातात उशाचा पेला. पेला छातीशी धरलेला, पावसात पत्रं धरायचे तसा. एक पाय. थांबायचं. दुसरा पाय. भिंत संपली तिथे खुर्चीची पाठ धरली, खुर्ची संपली तिथे टेबल. खिडकीशी पोचल्यावर आधी मातीत बोट घातलं, आई घालायची तसं, दुसऱ्या पेरापर्यंत. विचार केला. मग तीन वेळा थोडं थोडं पाणी ओतलं. बाहीने एक पान पुसलं.

"घे," म्हणाले. एवढंच.

मला वाटलं आता परत फिरतील. नाही. रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. पोस्टमन दुसऱ्याची वस्तू जवळ ठेवत नाही, ती पोचवायची, नाहीतर परत जमा करायची. नळाचा आवाज आला. पेला पालथा घातल्याचा आवाज आला.

काकूंनी माझं मनगट धरलं होतं. "पाऊण महिना होऊन गेला रे. एकदा मी मध्येच आत गेले तर असे बघायला लागले माझ्याकडे, जसं मी त्यांचं पत्र फोडलंय. तेव्हापासून इथेच बसते. पडले तर ऐकू येईल."

मी चिमटा न घेताच जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर मला दिसेना म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

२५ मार्च

रात्रभर वहीकडे बघावंसं वाटत होतं, सकाळी उजाडल्यावर उघडली.

डाव्या पानांवर बेचाळीस दिवस मी लिहिलंय, चालले नाहीत. त्याच दिवशी, समोरच्याच पानावर, ते किती चालले ते मीच ग्रॅममध्ये लिहिलंय. सत्तावीस फेब्रुवारी, पासष्ट ग्रॅम, पलंगापासून खिडकी चार पावलं. मग मी कुंडी हलवली आणि माझ्या नकळत त्यांचा रस्ता लांब केला. सहा दिवस माती ओली होती, ते थांबले. तेरा मार्च, सत्तर ग्रॅम, बाहेरची खोली. आज सकाळी मोजलं, माझी अकरा पावलं. त्यांची एकोणीस होतात. पुढे स्वयंपाकघरापर्यंत आणखी नऊ.

चमत्कार नव्हता म्हणून मी खट्टू होईन असं वाटलं होतं. उलट छातीत मावत नाही. हवेतून पाणी आलं असतं तर देवाला एका झाडाचं काम करावं लागलं असतं. इथे त्याने एका पेल्यात दोघांना उभं केलं, आणि मला मधे उभं करून सगळं मोजायला लावलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही.

हिला सांगितलं. ती ओट्यावरच्या पेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पेला तुम्ही धुवत नव्हता?"

"नाही. मला वाटलं तू."

"दहा-बारा दिवस मनात म्हणतेय, हा माणूस सुधारला." आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

२७ मार्च

ताईला फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई आल्या की चालतात?"

"नाही."

"तुझ्यासमोर?"

"नाही."

"बाळ्या, मी त्यांना ग्रॅमच्या भरवशावर तिसऱ्या मजल्यावर ठेवू? मला बघू दे, मग बोल."

तेच तर. बघितलं की ते थांबतात. बाबांना सांगावं, ताईसमोर एकदा चालून दाखवा? दाखवायला म्हणून ते या जन्मी चालणार नाहीत. आणि मला कळलंय हे कळलं तर कदाचित उद्याचा पेलाही बंद होईल. कोंब वाढतोय का हे बघायला रोज मुळं उपटणाऱ्या मुलाची गोष्ट गुरुजी सांगायचे. तो मुलगा मी होऊ नये.

३० मार्च

ताई सकाळीच आली. घरात माणसं असल्यामुळे बाबा सकाळपासून खुर्चीत, बाहेरच्या खोलीत, पाय जुळवून बसलेले. बॅग शेजारी. ताईने त्यांच्या केसांना तेल लावलं, नखं कापली, आणि सारखी बोलत राहिली, कारण थांबली असती तर रडली असती. "माझ्याकडे खिडकीतून रस्ता दिसतो बाबा, करमेल तुम्हाला." बाबा तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही.

काल ही सुट्टीवर होती, आज ताई, म्हणजे दोन दिवस बाबांना एकांत मिळाला नव्हता. मी मुद्दाम हात लावला नव्हता. दोन दिवस तावदानातून कडक ऊन आलं. दुपारी तीनला रुसूबाईने मान टाकली. आधी बाहेरची पानं, मग नवीन, कोवळं पानही. बाबांच्या खुर्चीच्या अगदी समोर.

मी एक पेला पाण्याने भरला आणि त्यांच्या हाताशी टेबलावर ठेवला. म्हटलं, "बाबा, झाडाला पाणी द्यायचं राहिलंय. मला जरा आत काम आहे."

मग ताईला म्हणालो, "चल, चहा करू."

"सगळे कशाला? मी बसते त्यांच्याजवळ."

"ताई, चल."

माझा आवाज ऐकून ती उठली.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं दाराकडे पाठ करून उभे राहिलो. मी सांगितलं, काही झालं तरी वळायचं नाही. हिने आधण ठेवलं पण गॅस पेटवला नाही, आवाज नको म्हणून. ताई फुसफुसली, "काय चाललंय काय तुमचं?"

काही नाही. भिंतीवरचं घड्याळ. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

मग खुर्ची करकरली.

ताईचे खांदे एकदम ताठ झाले. एक पाय घासल्याचा आवाज. थांबणं. दुसरा. मी मनात मोजत होतो. सातव्याला काहीतरी हललं, टेबल सरकलं, आणि ताई वळायला गेली. हिने तिचं मनगट पकडलं. आठवं पाऊल यायला इतका वेळ लागला की स्कूटर चालू होऊन गल्लीच्या टोकाशी गेलीसुद्धा. मग आलं. नववं. दहावं. मग शांतता, बोट मातीत जायला लागतो तेवढी. मग पाणी. तीनदा, थोडं थोडं.

ताईने तोंडावर हात दाबून धरला होता.

मी तिला डोळ्यांनी सांगितलं, अजून संपलं नाही. पावलं आमच्याकडे येत होती. एक, दोन. उंबऱ्याशी थांबली. आमच्या तिघांच्या पाठी त्यांच्यासमोर, आणि आम्ही थंड शेगडीकडे बघत उभे. त्यांना कळलं असणारच. बाबा काही खुळे नाहीत.

ताईच्या हाताला पेला लागला. बाबांनी तो तिच्या हातात दिला, अगदी नीट, पडणार नाही अशी खात्री करून.

"धुऊन ठेव," म्हणाले.

ताईने नळ सोडला. तो एक पेला ती किती वेळ धूत होती. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही असं तिला वाटत असावं.

चारला गाडी आली. ताई एकटी खाली उतरली, मी तिला सोडायला गेलो. बॅग वरच राहिली. पहिल्या मजल्यावर ती थांबली. मग नाक पुसून म्हणाली, "उद्या ते झाड कुठे ठेवणार?"

"गॅलरीत. आणखी सहा पावलं."

"मग?"

"मग बघू. जिन्याच्या कोपऱ्यात उजेड बरा येतो."

ती गाडीत बसली, काच खाली केली. "असंच सरकवत सरकवत माझ्या घरापर्यंत आण," म्हणाली.

वर आलो तेव्हा रुसूबाई मान वर करत होती. बाबा खुर्चीत डोळे मिटून, भिंतीकडे तोंड न करता.

डावं पान: बाबा. २ किलो ११०.